वातावरणातील कार्बन मोनॉक्साइड : दीर्घकालीन कल आणि पुणे

कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू. इंधन अर्धवट जळाले की तो तयार होतो, मग ते दुचाकीत जळो, चुलीत जळो की वणव्यात. मिथेनच्या ऑक्सिडीभवनातूनही त्याची मोठी भर पडते. हवेत तो सरासरी दोनेक महिने टिकतो. हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे हवेतले अतिशय क्रियाशील कण, त्याचा कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. आयुष्य इतके थोडे असल्याने तो जगभर सारखा पसरत नाही. दक्षिण गोलार्धात त्याचे प्रमाण उत्तरेच्या साधारण निम्मे असते.

पुण्यातले मोसमी चढउतार यातूनच कळतात. इथली पातळी पावसाळ्यात सर्वांत खाली जाते. ‘पावसाने हवा धुऊन निघाली’ असे आपण म्हणतो, पण ते धुळीपुरते खरे. हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. खरे कारण असे की, घाटमाथा ओलांडून येणारे नैर्ऋत्य वारे विषुववृत्तापलीकडच्या समुद्रावरून निघालेले असतात. त्या हवेत तो मुळातच कमी. थंडीत वारे जमिनीवरून येतात, आणि टेकड्यांमधल्या या खोलगट शहरावर रात्री गार हवा बसून राहते. सकाळच्या वाहतुकीचा धूर तिच्यातच कोंडतो.

वर्षानुवर्षांचा कल या चढउतारांत सहज हरवतो. ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून दिसते, की 1950 नंतर प्रमाण वाढत गेले आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून उतरू लागले. यात वाहनांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचा, वाटा मोठा. टेरा उपग्रहावरील मॉपिट या कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या उपकरणाच्या 2000 पासूनच्या नोंदींतही घट दिसते, वर्षाला सुमारे अर्धा टक्का. इंडोनेशियातल्या 2015 च्या वणव्यांसारख्या घटना मात्र आलेख मध्येच उसळवतात. भारतावर हा उतार पूर्व चीनइतका ठळक नाही.

पुण्यात भारत स्टेज या वाहनांच्या धुरावरील निकषांपैकी स्टेज-4 चे इंधन 2010 मध्ये आणि स्टेज-6 एप्रिल 2020 मध्ये आले. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा 2013 पासून शहराची हवा मोजते. हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडसाठी देशाची मर्यादा आठ तासांसाठी घनमीटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत दोनाहून थोडी कमी. पीयूसी केंद्रावर गाडीच्या नळीत सळई घातली की हाच वायू पावतीवर टक्क्यांत छापून येतो. एक टक्का म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग.