व्हिलन मुळात गावातला साधा शेतकरी
'व्हिलन' हा शब्द 'व्हाइल' म्हणजे नीच यावरून आला असं बरेच जण ठोकून देतात, पण तसं नाहीये. मूळ लॅटिन 'व्हिला' म्हणजे शेतावरचा वाडा, तिथे राबणारा तो 'व्हिलानुस', मग फ्रेंचमधून इंग्लंडात गेला, आणि 'व्हिलेज' पण त्याच घरातलं! १०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमीन आणि माणसांची नोंदवही) नोंदवलेल्या लोकांत साधारण ४० टक्के हेच आहेत, मग काय सगळे गुंड होते का? जमीनदाराला बांधलेली कुळं होती बिचारी. वरचे लोक त्यांना अडाणी, हलकट समजायचे (आपल्याकडे नाही का 'गावंढळ' म्हणतात), हळूहळू शब्दाचीच शिवी झाली. 'व्हाइल' आलाय लॅटिन 'व्हिलिस'वरून, म्हणजे स्वस्त, त्याचं मूळच वेगळं, नुसता आवाज सारखा म्हणून घोळ.