मुंबई विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी झाली. कलकत्ता आणि मद्रास ही त्याची जुळी भावंडे त्याच वर्षातली. तिघांचे मूळ 1854 च्या वुडच्या खलित्यात (भारतातल्या शिक्षणाविषयीच्या सरकारी पत्रात) आणि नमुना लंडन विद्यापीठाचा: शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. त्यामुळे सुरुवातीला विद्यापीठाकडे ना स्वतःचे वर्ग होते, ना प्राध्यापक. कारभार टाउन हॉलमधून चाले. पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 मध्ये झाली. 1862 च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे होते. परीक्षा हेच मुख्य काम, ही घडण विद्यापीठाच्या अंगात इतकी मुरली की आजही त्याची बहुतेक ताकद त्यातच खर्च होते.

ओव्हल मैदानासमोरची फोर्टची वास्तू इंग्लंडमध्ये बसून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी रेखाटली. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. पैसा मात्र इथल्या व्यापाऱ्यांचा. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह उभे राहिले आणि 1874 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी आहेत. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव आहे. 1869 मध्ये सुरू झालेले हे काम 1878 मध्ये संपले. मनोरा 280 फूट उंच आहे. मान वर करून पाहिले तर कोपऱ्यांवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची माणसे आपापल्या पेहरावात दिसतात. ही शिल्पे मुकुंद रामचंद्र या इथल्याच अभियंत्याच्या हातची. परक्या शैलीच्या इमारतीवरची ही ओळखीची माणसे खाली उभे राहून निवांत पाहावीत, इतकी देखणी आहेत. 2018 पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीतल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको समूहात आहे.

कार्यक्षेत्र एके काळी अफाट होते: सिंध, गुजरात, कर्नाटकाचा उत्तर भाग आणि पुणे. पुणे, गुजरात, बडोदा आणि कर्नाटक ही विद्यापीठे 1949 मध्ये आली आणि ते आकसले. मुक्तीनंतर गोव्यातली महाविद्यालयेही मुंबईला जोडली होती. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये झाल्यावर तीही गेली. आता मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे उरले आहेत. तरीही संलग्न महाविद्यालये सातशेहून अधिक आहेत. नाव ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले ते 1996 मध्ये.

संशोधन उशिरा आले, पण आले ते दमदार. समाजशास्त्र विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. 1924 पासून गो. स. घुर्ये यांनी तो तीन दशकांहून अधिक काळ सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि ए. आर. देसाई त्यांच्याच हाताखाली शिकले. भारतीय समाजशास्त्राची एवढी मोठी पिढी एका विभागातून निघाली, याचे मोल मराठी वाचकापर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही. रासायनिक तंत्रज्ञान विभाग 1933 मध्ये सुरू झाला, पुढे माटुंग्याला गेला आणि ‘यूडीसीटी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी गाजला. 2008 मध्ये तो स्वतंत्र अभिमत विद्यापीठ, म्हणजे स्वतः पदव्या देणारी संस्था झाला. कसदार अंग मोठे होऊन वेगळे निघते आणि मूळ घराकडे परीक्षांचा व्याप उरतो, असे इथे पुन्हा पुन्हा घडले आहे.

1970 च्या दशकापासून बहुतेक पदव्युत्तर विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत गेले. हा परिसर दोनशे एकरांहून मोठा आहे. कुलगुरूंचे कार्यालय फोर्टात, परीक्षा विभाग कालिन्याच्या फुले भवनात; विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा इथेच होते, आणि कागद घेऊन भलत्याच टोकाला गेल्यावर ती कळते.

उत्तरपत्रिकांचा प्रवास केंद्रावरून गठ्ठ्यांनी सुरू होतो. तपासणी ऑनस्क्रीन असेल तर प्रत्येक पान स्कॅन होते, बारकोडमुळे नाव झाकले जाते आणि शिक्षक संगणकावर गुण देतात. बारकोड चुकला किंवा पुरवणी मुख्य उत्तरपत्रिकेपासून सुटली, तर हजर विद्यार्थीही गैरहजर ठरू शकतो. 2017 मध्ये सगळ्या शाखांच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एकदम या पद्धतीने तपासायला घेतल्या. तयारी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे होते. 31 जुलैची मुदत उलटली, अनेक निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढचे प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. यंत्रणा नवी होती हे खरे, पण थोड्या शाखांपासून सुरुवात केली असती तर मुलांचे हाल टळले असते. गुणांबद्दल शंका असेल तर आधी छायाप्रत मागवावी, बेरीज आणि न तपासलेले प्रश्न पाहावेत, मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. मुदत थोड्या दिवसांची असते, त्यामुळे निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचावे.

कारभार 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतो. राज्यपाल कुलपती असतात. अभ्यासक्रम आधी अभ्यास मंडळात ठरतो, मग विद्या परिषदेत जातो. अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा आहेत. पदवी मिळाली म्हणून मत आपोआप मिळत नाही, नाव स्वतः नोंदवावे लागते. हे ठाऊक नसल्याने बहुतेक पदवीधर या निवडणुकीबाहेरच राहतात.

2019 मध्ये एल्फिन्स्टन व सिडनहॅम ही महाविद्यालये आणि विज्ञान संस्था डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेल्या. रानडे शिकले ते एल्फिन्स्टन आता मुंबई विद्यापीठाच्या यादीत नाही. मात्र त्याआधी तिथून पदवी घेतलेल्यांची पदवी मुंबई विद्यापीठाचीच आहे. ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सर्व गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, त्यांनी नव्या विद्यापीठाकडे न जाता कालिन्यालाच जावे.