घरच्या संगणकावरचा इक्वलायझर: व्हिस्टाने हलवलेली वाट

इक्वलायझर म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या फ्रिक्वेन्सींचा जोर कमी-जास्त करणारं साधन. तो निवडताना पट्ट्या दहा की एकतीस, प्रीसेट (तयार सेटिंग्ज) किती, दिसायला कसा, यावर लोक तासन् तास वाद घालतात. मला विचाराल तर आधी एवढंच पाहावं: गाणं प्लेअरमधून निघून स्पीकरपर्यंत पोचेपर्यंत हे सॉफ्टवेअर त्याला कुठे गाठतं? विंडोजवर या प्रश्नाचं उत्तर २००७ मध्ये बदललं आणि आजचे बहुतेक पर्याय त्या बदलातूनच निघालेले आहेत.

त्याआधीचं थोडक्यात. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांत वरच्या फ्रिक्वेन्सी गळायच्या. ती तूट भरून काढणारी सर्किटं हे इक्वलायझरचं मूळ. घरगुती अॅम्प्लिफायरवरच्या बास-ट्रेबलच्या बटणांमागचं गाजलेलं सर्किट १९५२ मध्ये एका ब्रिटिश मासिकात छापून आलं. फ्रिक्वेन्सी, उंची आणि रुंदी तिन्ही हवी तशी ठरवता येणारा पॅरामेट्रिक प्रकार १९७२ मध्ये एका ध्वनी-अभियांत्रिकी परिषदेतल्या निबंधातून नावारूपाला आला. स्टुडिओत तो रुळला, घरात मात्र टेपडेकवरच्या उभ्या सरकपट्ट्याच आल्या.

त्याच पट्ट्या १९९७ मध्ये आलेल्या विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने पडद्यावर नेल्या. एमपी३ सीडी आणि सायबर कॅफेच्या काळात ज्यांनी संगणक घेतला, त्यांना ते दहा स्लायडर आणि एकूण आवाज कमी-जास्त करणारा डावीकडचा प्रीअॅम्प पाठच असेल. ६०, १७०, ३१०, ६०० हर्ट्झ, मग १, ३, ६, १२, १४ आणि १६ किलोहर्ट्झ. ही वाटणी विचित्रच होती. १ आणि ३ च्या मध्ये, जिथे गाण्याचे शब्द स्पष्ट होतात किंवा हरवतात, तिथे एकही पट्टी नाही. आणि १२ पासून वर तीन पट्ट्या दाटीवाटीने उभ्या. १२८ केबीपीएसच्या फायलींत तर १६ च्या वर फारसं काही उरलेलंच नसे. मुख्य अडचण मात्र वेगळी होती: विनॅम्पचा इक्वलायझर विनॅम्पपुरता. दुसऱ्या प्लेअरमध्ये व्हीसीडी लावली की सगळं सपाट.

सगळ्या आवाजाला एकच इक्वलायझर हवा असेल तर विंडोज एक्सपीच्या काळात साउंड कार्डावर अवलंबून राहावं लागे. महागड्या कार्डांवर आवाजावर प्रक्रिया करणारी स्वतंत्र चिप असायची आणि ड्रायव्हर थेट तिच्याशी बोलायचा. मदरबोर्डवरच्या साध्या चिपवाल्यांच्या नशिबी 'रॉक', 'पॉप', 'क्लब' अशा नावांची ठरीव बटणं.

मग २००७ मध्ये विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती आली. तिच्यात ध्वनीचा मोठा भाग कर्नलमधून, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातून, बाहेर काढून वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकला गेला. सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये तिथे एकत्र होऊ लागले आणि गेमना कार्डाच्या चिपपर्यंत नेणारा डायरेक्टसाउंडचा थेट रस्ता बंद झाला. कारण सांगितलं गेलं स्थैर्याचं: ध्वनीचे ड्रायव्हर कर्नलमध्ये गडबडले की सगळं यंत्रच ब्लू स्क्रीनवर जायचं. एक्सपी वापरलेल्या कुणालाही हे कारण पटावं. पण चिपवर पैसे घातलेले गेमर खवळले, कारण त्यांच्या खेळांतले घुमारे आणि दिशांचे परिणाम एका रात्रीत गप्प झाले. एका कार्ड कंपनीला जुन्या गेमच्या डायरेक्टसाउंडच्या सूचना नव्या मार्गाने वळवणारं खास सॉफ्टवेअर काढावं लागलं.

टीकाकारांचा दुसरा मुद्दा जास्त टोचणारा होता. आवाज एकत्र करणारी ती प्रोसेस 'संरक्षित' ठेवली होती, आणि ते संरक्षण वापरणाऱ्यापेक्षा चित्रपट-संगीताच्या हक्कदारांसाठी होतं. डिजिटल सही नसलेला कोड तिथे शिरू नये, म्हणजे मधल्यामध्ये आवाज कुणी उचलू नये. या मुद्द्यावर मी टीकाकारांच्या बाजूने आहे. तरीही याच रचनेत एपीओ (ऑडिओ प्रोसेसिंग ऑब्जेक्ट) नावाचा खाचा होता. ड्रायव्हर बनवणाऱ्याने आपला परिणाम त्यात बसवायचा, एक मिश्रणाच्या आधी आणि एक नंतर. ही सोय खरी कंपन्यांसाठी. फायदा झाला तो घरच्या श्रोत्याचा.

काही वर्षांनी आलेला इक्वलायझर एपीओ हा मुक्त-स्रोत प्रोग्रॅम नेमका त्या खाच्यात जाऊन बसला. इन्स्टॉल होताना तो रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातली) एक नोंद बदलून ते संरक्षण बंद करतो. काही जणांना ते आजही खटकतं. फुकटात मिळतं ते बरंच आहे. ब्राउझर, प्लेअर, गेम, सगळ्यांना एकच सेटिंग, आणि ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. तीन ओळींत पॅरामेट्रिक फिल्टर लिहून होतो. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यगीतं ऐकणाऱ्याने वरच्या टोकाला एक हाय-शेल्फ (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं सगळं एकदम चढवणारा-उतरवणारा फिल्टर) काही डेसिबल खाली आणून पाहावा. दहा पट्ट्यांशी झटापट करण्यापेक्षा बरं. कुठे ६ डेसिबल चढवले तर प्रीअॅम्प तेवढाच खाली घ्यायचा, हा विनॅम्पच्या काळातला नियम इथेही लागू. टेक्स्ट फाइल नको असेल त्यांच्यासाठी पीस नावाचं आवरण आहे. हेडफोनच्या मोजमापांवरून तयार केलेली सेटिंग्ज ऑटोईक्यू प्रकल्पात याच स्वरूपात मिळतात.

दुसरी वाट आभासी ध्वनी-उपकरणाची: संगणकाला खोटा स्पीकर दाखवायचा, आवाज तिथे घ्यायचा आणि सुधारून खऱ्या स्पीकरला द्यायचा. विनॅम्पच्या जमान्यात डीएफएक्स या प्लगइनपासून सुरू झालेलं एफएक्ससाउंड आज असं चालतं. मॅकवर सगळ्या आवाजासाठी इक्वलायझर मुळात नाही, त्यामुळे तिथे बराच काळ हीच वाट होती. लिनक्सवर पाइपवायर ही ध्वनी-व्यवस्था रुळल्यापासून ईझीइफेक्ट्स या प्रोग्रॅमने हे काम बिनबोभाट होतं.

एपीओच्या वाटेला मर्यादा आहेत, आणि त्या व्हिस्टापासूनच्या. प्लेअरने उपकरण एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (फक्त स्वतःसाठी) घेतलं, किंवा एएसआयओ हा विंडोजच्या मिश्रणाला टाळणारा ड्रायव्हर वापरला, की आवाज खाच्याला वळसा घालून जातो. 'इक्वलायझर लावला पण फरकच नाही' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. ड्रायव्हर अपडेट झाला की नोंदी पुसल्या जाऊ शकतात. तेव्हा उपकरण पुन्हा निवडून संगणक रिस्टार्ट करावा लागतो. विंडोज १० वर माइकवाला ब्लूटूथ हेडफोन स्टीरिओ आणि हँड्स-फ्री अशा दोन नावांनी दिसतो. इक्वलायझर एपीओच्या उपकरण-यादीत टिक फक्त पहिल्यावर केली असेल, तर कॉल सुरू झाला की फिल्टर गायब.