वायफाय का दिसत नाही? फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, हायकूमागचा इतिहास

पुण्या-हैदराबादच्या आयटी कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप सोलापुरातल्या सेकंडहँड दुकानांत येतात आणि इंजिनिअरिंगची पोरं ते घेतात. बहुतेक जण विंडोज ठेवतात, काही लिनक्स टाकतात. एखादा हौशी फ्रीबीएसडी किंवा हायकू अशा कमी वापरल्या जाणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वाटेला जातो आणि अडकतो: वायफाय सापडत नाही, झाकण मिटलं की मशीन पुन्हा उठत नाही. खापर सिस्टीमवर फुटतं. कारण तीस वर्षं जुनं आहे.

बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवरून (बीएसडी) बनवलेलं, साध्या पीसीवर चालणारं ३८६बीएसडी १९९२ मध्ये आलं, त्यातून पुढच्याच वर्षी नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाले. नेमका त्याच काळात बर्कलीच्या कोडवर एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने खटला भरला. तो १९९४ ला मिटला, तोवर लिनक्सने माणसं गोळा केली होती. पुढे चिप बनवणाऱ्यांनी विंडोजनंतर दुसरा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) लिहिला तो लिनक्ससाठी. तिसरा सहसा कुणी लिहिला नाही.

ग्राफिक्समध्ये तरी सुरुवातीला भेदभाव नव्हता. स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या एक्सफ्री८६चे ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, बाहेर चालत, त्यामुळे लिनक्सला जे मिळे ते थोड्याफार फरकाने बीएसडीलाही मिळे. २००९ मध्ये लिनक्सने हे काम कर्नलच्या आत नेलं आणि वाटा फुटल्या. सोलापुरात चादर विणणाऱ्याला हे समजावायला नको: एका जेकार्डच्या हुकांच्या हिशेबाने पंच केलेली कार्डं वेगळ्या हुकांच्या जेकार्डवर चालत नाहीत. फ्रीबीएसडीत इंटेलचा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर २०१२च्या अखेरीस पोचला, त्याच कुळातल्या ओपनबीएसडीत २०१३ मध्ये. तोही पोचला, कारण लिनक्सच्या ग्राफिक्स कोडचा मोठा भाग फारशा अटी न घालणाऱ्या एमआयटी परवान्याखाली होता. बाकीचा बहुतेक लिनक्स कोड जीपीएलखाली, म्हणजे त्यावरून बनलेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली. तो बीएसडीच्या कर्नलमध्ये जसाच्या तसा घेता येत नाही.

वायफायचं दुखणं कागदपत्रांचं. कंपन्या चिपची माहिती देत नसत, किंवा गुप्ततेच्या करारावर सही मागत. ओपनबीएसडीने सही करायला नकार दिला आणि आथेरॉस कंपनीच्या चिपचा बंदिस्त भाग स्वतः उलगडून ड्रायव्हर लिहिला. मला हा हट्ट पटतो, पण त्याची किंमत वापरणाऱ्याने वर्षानुवर्षं मोजली. फ्रीबीएसडीने उलटा रस्ता धरला: लिनक्सचा ड्रायव्हर चालवून घेणारा एक थर बांधला. त्यावर इंटेलचा नवा वायफाय ड्रायव्हर २०२२ च्या १३.१ आवृत्तीत आला, तरी सुरुवातीला वेग जुन्या वायफायइतकाच.

बीओएस या जुन्या सिस्टीमचा वारसा सांगणारं हायकू तर दोघांकडून उसनं घेतं: नेटवर्कचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीचे, इंटेल वायफायचे काही ओपनबीएसडीचे. म्हणून तिथे एखादं कार्ड चालत नसेल, तर अडचण कधी कधी दोन घरं पलीकडची असते.

जुना लॅपटॉप घेताना प्रोसेसरआधी वायफाय चिप कुणाची ते विचारावं. इंटेल असेल तर बरं. ब्रॉडकॉम असेल तर आधी तपासावं. हायकू पेनड्राइव्हवरून थेट चालतं, त्यामुळे ही तपासणी दुकानदाराच्या काउंटरवरच उरकता येते.