पाम कोरा झाला? दुकानात येण्याआधी हे वाचा

पाम म्हणजे पत्ते, तारखा आणि याद्या ठेवायचं, पेननं चालणारं खिशातलं छोटं मशीन. त्याबद्दल आमच्या काउंटरवर सर्वात जास्त वेळा येणारी तक्रार एकच. "पाम चालू केला तर पडद्यावरच्या खुणेवर पेननं टोचायला सांगतोय, पुन्हा तारीख विचारतोय, आणि आत एकही नंबर नाही. बिघडला का हो?"

बिघडलेला नाही. बॅटरी तळाला गेली आणि तिच्याबरोबर आतलं सगळं गेलं. नवीन बॅटरी घालून ते परत येत नाही, आणि आमच्याकडे ते बाहेर काढणारं यंत्रही नाही. परत येतं ते तुमच्या कॉम्प्युटरवरूनच. त्यासाठी आधी हॉटसिंक (म्हणजे पाम कॉम्प्युटरला केबलनं जोडून दोन्हीकडच्या नोंदी जुळवणं) केलेलं हवं आणि कोरा झाल्यानंतर घाईनं काही केलेलं नको. यातली दुसरी अट लोकांना माहीत नसते आणि तिथंच जास्त नुकसान होतं.

बंद केलेला पाम बंद नसतो

वरचं बटण दाबलं की पडदा विझतो, एवढंच. तुमचे पत्ते, तारखा, याद्या आणि मेमो रॅममध्ये असतात आणि रॅमला चोवीस तास थोडी वीज लागते. पामचं मूळ सॉफ्टवेअर वेगळ्या, कायमच्या मेमरीत असतं. म्हणून बॅटरी मेली तरी मशीन पुन्हा सुरू होतं, पण कारखान्यातून आल्यासारखं कोरं.

कपाटात ठेवून लग्नाला गेलात, गणपतीत दहा दिवस हात लावला नाही, खेड्यात लोडशेडिंगमुळे चार्जिंग राहून गेलं, की हे होतं. मात्र ते एका क्षणात होत नाही. चार्ज फार कमी झाला की पाम आधी चालू व्हायचं नाकारतो आणि उरलेली वीज रॅमसाठी राखून ठेवतो. त्या अवस्थेत तो काही दिवस तग धरतो. म्हणजे बटण दाबूनही पडदा येत नसेल तर बहुतेक वेळा डेटा अजून जिवंत आहे. ताबडतोब चार्जरला लावा आणि किमान तीन तास काढू नका. "चालूच होत नाही, उद्या बेळगावला जाताना दाखवू" असं म्हणून निपाणी-संकेश्वरहून चार दिवसांनी येणारे ग्राहक याच चार दिवसांत डेटा गमावतात.

हे कोणत्या मॉडेलला लागू आहे? एम१०० ते एम५०० पर्यंतची सगळी, झायर २१, ३१, ७१ आणि ७२, टंगस्टन ई, टी, टी२, टी३ आणि सी. २००४ च्या शेवटी टंगस्टन टी५ आणि ट्रिओ ६५० आले, तेव्हापासून पामनं वीज गेली तरी टिकणारी मेमरी घालायला सुरुवात केली. २००५ चे टंगस्टन ई२, झेड२२, लाइफड्राइव्ह आणि टीएक्स त्याच जातीचे. आपल्या भागात सर्वात जास्त दिसणारे टंगस्टन ई आणि झायर ३१ मात्र जुन्या जातीचे आहेत. नावात फक्त एका आकड्याचा फरक असल्यामुळे ई आणि ई२ यांत गोंधळ होतो. मागची पट्टी नीट वाचा.

कॉम्प्युटरला जोडला म्हणजे चार्ज झाला असं नाही

टंगस्टन ई आणि झायर ३१ यांना दोन वेगळी भोकं आहेत. मिनी यूएसबीचं भोक फक्त हॉटसिंकसाठी आहे, त्यातून चार्जिंग होत नाही. चार्जरची गोल पिन शेजारच्या भोकात जाते. रात्रभर यूएसबी केबल लावून ठेवली आणि सकाळी बॅटरी आणखी उतरलेली, हा प्रकार इथूनच येतो. एकाच केबलमधून दोन्ही कामं करणारी दोन टोकांची वायर मिळते, आम्ही ती ठेवतो. ज्यांना चार्जर विसरायची सवय आहे त्यांनी ती घेतलेली बरी.

मुलानं किंवा जावयानं अमेरिकेहून आणलेला पाम असेल तर चार्जरवरची बारीक अक्षरं आधी वाचा. इनपुटपुढे १००–२४० लिहिलं असेल तर आपल्या भिंतीत चालतो, फक्त चपट्या पिनेला अडॅप्टर लागतो. नुसतं १२० असेल तर लावू नका, पहिल्याच मिनिटाला वास येईल.

कोरा झालाच तर

आता ज्या चुकीपायी आमचा आणि तुमचा सर्वात जास्त वेळ जातो तिच्याकडे येऊ. पाम कोरा दिसला की माणूस घाबरून आठवतील तेवढे नंबर पुन्हा भरायला लागतो. मग हॉटसिंक करतो. कॉम्प्युटर नाव विचारतो, तर नवीन नाव टाकतो, बऱ्याचदा जुन्याचंच वेगळं स्पेलिंग. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं हा नवा मालक. त्यासाठी तो वेगळा फोल्डर उघडतो, आणि जुना डेटा शेजारच्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा पडून राहतो. ग्राहक आमच्याकडे येऊन सांगतो, हॉटसिंक केलं तरी काही आलं नाही.

म्हणून कोऱ्या पाममध्ये काहीही लिहू नका. पूर्ण चार्ज करा. कॉम्प्युटरवर घड्याळाशेजारच्या हॉटसिंकच्या गोल बाणांवर क्लिक करून 'कस्टम' उघडा. यादीत तुमचं जुनं नाव निवडा. डेटबुक, ॲड्रेस, टू-डू आणि मेमो या प्रत्येक ओळीवर 'चेंज' दाबून 'डेस्कटॉप ओव्हरराइट्स हँडहेल्ड' निवडा. खालच्या 'सेट ॲज डिफॉल्ट'वर खूण करू नका, हे फक्त या एका वेळेसाठी आहे. मग केबल लावून हॉटसिंक करा. नाव विचारलं तर पुन्हा तेच जुनं नाव. मशीन स्वतः रिसेट झालं तर त्याला घाबरू नका.

त्याच पडद्यावर 'हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप' अशीही ओळ असते. ती चुकून निवडली तर कोरा पाम कॉम्प्युटरवरचा डेटाही कोरा करतो. दोन ओळींत शब्द तेच, फक्त उलटसुलट. निवडण्याआधी दोनदा वाचा, नाहीतर मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही घेऊन या. आम्ही तेवढ्या हॉटसिंकचे पैसे घेतो याची काहींना तक्रार असते. काम दहा मिनिटांचं असलं तरी चुकीची जबाबदारी आमची असते, म्हणून घेतो.

दोन भावांनी एका दुकानाच्या कॉम्प्युटरवर दोन पाम चालवायला हरकत नाही. पण दोघांचं हॉटसिंक नाव एकच ठेवू नका. एकाची उधारी दुसऱ्याच्या यादीत मिसळते आणि ती वेगळी करायला कुठलंही बटण नाही.

हॉटसिंक रोज, आणि फोल्डरची प्रत

पामच्या हॉटसिंक पडद्यावर शेवटचं हॉटसिंक कधी झालं ती तारीख दिसते. आत्ताच उघडून बघा. महिन्यापूर्वीची असेल तर मधल्या महिन्यातलं सगळं एका सेलवर टांगलेलं आहे असं समजा.

पण कॉम्प्युटरवर प्रत आहे म्हणजे निश्चिंत असंही नाही. व्हायरस आला, विंडोज मंद झालं, की गल्लीतला हार्डवेअरवाला 'फॉरमॅट मारतो'. 'माय डॉक्युमेंट्स' तो आठवणीनं कॉपी करतो. पामचा डेटा तिथं नसतो, तो 'सी' ड्राइव्हवर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये 'पामवन' किंवा 'पाम' फोल्डरच्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. फॉरमॅटला देण्याआधी तो अख्खा फोल्डर सीडीवर घ्या. आतला 'बॅकअप' नावाचा फोल्डर वगळू नका, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम त्यातूनच परत येतात.

एसडी कार्डाची खाच असलेल्या मशीनमध्ये (टंगस्टन ई, झायर ३१ मध्ये आहे, झायर २१ आणि झेड२२ मध्ये नाही) कार्डावर बॅकअप घेणारा छोटा प्रोग्रॅम टाकता येतो. खानापूर, चिकोडीकडे फिरणाऱ्या एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) आणि विमा एजंट मंडळींना आम्ही हाच उपाय सुचवतो, कारण त्यांचा कॉम्प्युटर घरी आणि ते आठवडाभर बाहेर. याला १२८ एमबीचं कार्डही पुरून उरतं. आमच्याकडून कार्ड घेतलं तर प्रोग्रॅम बसवून, रात्रीची वेळ लावून देतो.

सेलवर चालणारे

एम१०० आणि एम१०५ ला रिमोटमध्ये घालतो ते बारीक एएए सेल दोन लागतात. सेल बदलायला साधारण एक मिनिट मिळतं, तेवढा वेळ आतला कपॅसिटर रॅम धरून ठेवतो. आधी हॉटसिंक करा, नवीन सेल वेष्टनातून काढून हाताशी ठेवा, मगच झाकण उघडा. अल्कलाइन सेलच घाला. स्वस्तातला साधा सेल लवकर उतरतो आणि पावसाळ्यात पडून राहिला तर पाझरून स्प्रिंगा खातो. या दोन्ही मॉडेलची केबल सिरियल आहे. नवीन कॉम्प्युटरला तो पोर्ट नसतो, मग यूएसबीवरून सिरियल करणारा कन्व्हर्टर लागतो.

रिसेट

पाम अडकला तर मागच्या बारीक भोकात सरळ केलेल्या कागदी क्लिपचं टोक हलकेच दाबा. सुई किंवा टाचणी नको. या साध्या रिसेटनं डेटा जात नाही. पॉवरचं बटण दाबून धरून रिसेट केलं तर मात्र सगळं पुसायचं का असं मशीन विचारतं, आणि 'हो' म्हटलं की खरंच पुसतं. फोनवर कुणी "पॉवर धरून रिसेट मार" असा सल्ला देत असेल तर त्याला आधी हॉटसिंकची तारीख विचारा.

पासवर्ड विसरलात तर 'लॉस्ट पासवर्ड'वर टोचल्यावर खासगी म्हणून झाकलेल्या नोंदी पुसल्या जातात. हॉटसिंक केलेलं असेल तर त्याही कॉम्प्युटरवरून परत येतात.

पडदा

पडद्यावर बॉलपेन चालवू नका, टोपण लावलेलंही नको. उन्हाळ्यात तांबड्या मातीची धूळ कडेच्या पट्टीत बसते, पावसाळ्यात ती ओली होते आणि पेन भलतीकडं टोचायला लागतं. चष्म्याच्या कापडानं पुसा. पाणी लागलंच तर कापडावर घ्या, पडद्यावर शिंपडू नका. मग 'प्रेफ्स'मध्ये 'डिजिटायझर' किंवा 'टचस्क्रीन' उघडून खुणा पुन्हा टोचा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. पँटच्या मागच्या खिशात ठेवून स्कूटरवर बसल्यामुळे फुटलेला पडदा मात्र बदलावाच लागतो आणि तो स्वस्त नाही.

मराठी लिहिता येतं का?

अक्षरं म्हणून नाही. पामला मराठी येत नाही आणि कानडीही येत नाही, निदान या एका बाबतीत तरी सीमाभागाला समान न्याय आहे. नावं रोमन लिपीत भरावी लागतात. 'नोटपॅड' असलेल्या मॉडेलमध्ये मात्र पेननं हातानं हवं त्या लिपीत लिहा, ते चित्र म्हणून साठतं. गुळाच्या सौद्याचे आकडे, गाडी नंबर असं झटपट टिपायला ते उत्तम. पण 'फाइंड'मध्ये शोधून सापडत नाही, म्हणून वरच्या शीर्षकाच्या ओळीत पार्टीचं नाव रोमनमध्ये टाकत जा.

दुरुस्तीला देताना

बॅटरी बदलायची म्हणजे जुनी सोडवावी लागते आणि ती सुटली की जुन्या जातीच्या पामची मेमरी जातेच. म्हणून मशीन घेताना आम्ही तुमच्यासमोर हॉटसिंकची तारीख बघतो, पावतीवर लिहितो आणि सही घेतो. ती आजची नसेल तर मशीन ठेवून घेत नाही. दूरवरून आलेल्यांना हा त्रास वाटतो, पण डेटा गेल्यावरचा वाद दोघांनाही परवडत नाही. तुमच्या घरचा कॉम्प्युटर सोबत नसेल तर दुकानाच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावाचा फोल्डर करून हॉटसिंक करतो, काम झाल्यावर डेटा परत घालून सीडी तुमच्या हातात देतो आणि आमच्याकडचा फोल्डर तुमच्यासमोर पुसतो.

येताना मशीन, चार्जर, केबल आणि पेन चारही आणा. चार्जर नसेल तर बॅटरी खराब आहे की चार्जर, हे तपासायला एक फेरी जास्त पडते. दुपारी बारापर्यंत दिलेलं बॅटरीचं काम त्याच दिवशी संध्याकाळी मिळतं, म्हणजे शेवटची एसटी चुकत नाही.