दह्याचा डबा आणि पिकालचा डावा हात

बॉक्सिंगचा विषय निघाला की ‘बावन्न किलोच्या माणसाच्या ठोशात असा काय दम असणार?’ हा प्रश्न हमखास येतो. मला तेव्हा एलियास पिकाल आठवतो. इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतातल्या सापारुआ बेटावरचा हा मुलगा मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा. ३ मे १९८५ रोजी जकार्तात त्याने कोरियाच्या चुन जू-दोला आठव्या फेरीत आडवं केलं आणि तो इंडोनेशियाचा पहिला व्यावसायिक जगज्जेता मुष्टियोद्धा ठरला. वजनगट सुपर फ्लायवेट, म्हणजे जास्तीत जास्त ५२.१६ किलो. फॉकलंड युद्धात गाजलेल्या क्षेपणास्त्रावरून त्याच्या डाव्या हाताला लोक ‘एक्झोसेट’ म्हणत. आयबीएफ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा हा किताब त्याने एकूण तीनदा मिळवला.

मग हा दम येतो कुठून? घरी करून बघा. झाकणाच्या गोल डब्यात काठोकाठ दही लावा. घट्ट लागलं की डबा ओट्यावर सरळ सरकवा. दही जवळपास जसंच्या तसं राहतं. आता डबा जागच्या जागी झटक्यात गर्रकन फिरवा. कडेचं दही डब्याबरोबर फिरतं, मधलं मागे राहतं आणि दही मोडतं. मेंदूचंही असंच आहे. तो पाण्यासारखाच, दाबून आकसत नाही. पण त्याचा एक थर दुसऱ्यावरून सरकायला अगदी थोडा जोर पुरतो. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून हेच मांडलं. हनुवटी म्हणजे तरफेचं लांबचं टोक, तिथे बाजूने बसलेला ठोसा डोकं फिरवतो. आणि शरीर हलकं म्हणून मेंदू काही त्या प्रमाणात लहान नसतो. मान मात्र बारीक असते.

आता आत काय होतं ते बघू. चेतापेशींचे लांब अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारे धागे, ताणले जातात, त्यांच्या पटलातली आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) दारं अवेळी उघडतात. पोटॅशियम बाहेर पडतं, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतं. ग्लुटामेट हे पेशींमध्ये संदेश देणारं रसायन सांडतं आणि शेजारच्या पेशींचीही दारं उघडतं. आयन पुन्हा जागेवर नेणाऱ्या पंपांना भरपूर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, पण ते बनवणाऱ्या, कॅल्शियम साठलेल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नेमक्या तेव्हाच ते कमी बनवतात. माणूस काही सेकंदांत उठून उभा राहतो, पेशींचा हा तुटवडा मात्र कित्येक दिवस टिकू शकतो. तेवढ्यात दुसरा मार बसला तर तो जास्त घातक.

बोटाने ‘मर्मस्थान’ दाबून माणूस बेशुद्ध पाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरत असतात. त्यांवर विश्वास ठेवू नका; इथे ना गूढ नस आहे, ना ऊर्जा, आहे ते फक्त डोक्याचं वेगाने फिरणं. हेल्मेटवरही भिस्त नको. ते कातडी फाटण्यापासून वाचवतं, पण हे फिरणं फारसं रोखत नाही.

२८ फेब्रुवारी १९८७ रोजी जकार्तातच थायलंडच्या खाओसाय गॅलक्सीने पिकालला चौदाव्या फेरीत हरवलं. लढत पंधरा फेऱ्यांची होती. आजच्या नियमाने ती बाराव्या फेरीलाच संपली असती.