एकाच वायरीतून गाणे आणि चार्जिंग

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याला किंवा निपाणीवरून कोल्हापूरला जुन्या गाडीतून गेलेल्या बहुतेकांनी हा आवाज ऐकलेला असतो. फोन ऑक्स केबलने (हेडफोनच्या भोकातून आवाज नेणाऱ्या वायरीने) गाडीच्या टेपला जोडलेला असतो, गाणे छान चालू असते. बॅटरी उतरली म्हणून ड्रायव्हर सिगारेट लायटरमधल्या चार्जरची पिन फोनला लावतो आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू होते. रेस दिली की ती चढते, गाडी सिग्नलला थांबली की खाली येते. भजनाच्या टाळ-मृदंगात ती बुडून जाते, लग्नाच्या वऱ्हाडातल्या गाण्यांत तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ख्याल लावला की मात्र ती उघडी पडते. तंबोऱ्याच्या डोक्यावर दुसरा बेसूर तंबोरा धरून कुणी बसल्यासारखे वाटते. कुमार गंधर्व आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, 1924 साली तिथे जन्मलेले. त्यांच्या गाण्यात दोन स्वरांच्या मधली शांतताही गाण्याइतकीच मोलाची असते, आणि नेमक्या त्या शांततेत ही शिट्टी घुसते. मला ते कधीच सहन झाले नाही. ती येते कुठून आणि गाडी बनवणाऱ्यांनी तिच्यावर काय काय केले, याचा शोध मी तेव्हापासून घेत आलो.

सुरुवातीला मीही केबललाच दोष दिला. तीन केबली बदलल्या, महागातली महाग आणली, शिट्टी जशीच्या तशी. शेवटी उद्यमबागेत गाडीचे वायरिंग करणाऱ्या एका वयस्कर वायरमनने टेपला हातही न लावता सांगितले, "चार्जर काढून बघा की." काढला आणि आवाज एकदम स्वच्छ झाला.

त्याने दाखवलेले कारण आजही तेच आहे. अल्टरनेटर (आमच्याकडचे जुने वायरमन त्याला डायनॅमोच म्हणतात) आधी एसी वीज तयार करतो आणि त्यातले डायोड तिची डीसी करतात. ही डीसी अगदी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. इंजिन जोरात फिरले की लाटा दाट होतात, म्हणून रेसबरोबर शिट्टीचा सूर चढतो. आता चार्जरची अर्थ (म्हणजे अर्थिंगची, परतीची वायर) गाडीच्या बॉडीला एका ठिकाणी आणि टेपची अर्थ दुसऱ्याच ठिकाणी जोडलेली असते. दोन्ही जागी 'शून्य' व्होल्ट म्हणायचे, पण त्या दोन शून्यांत किंचित फरक असतो. फोन एकीकडे चार्जरच्या काळ्या वायरीने आणि दुसरीकडे ऑक्स केबलमधल्या तारांच्या जाळीने या दोन्ही जागांना जोडतो आणि वर्तुळ पुरे होते. त्या वर्तुळात फिरणाऱ्या लाटांना टेपमधला अँप्लिफायर गाणेच समजतो आणि मोठे करून ऐकवतो. दोष कुठल्याच एका वस्तूचा नाही, गाणे आणि वीज दोन वेगळ्या वाटांनी आल्यामुळे तो तयार होतो. बाजारात यावर एक छोटी डबी मिळते. तिच्यात दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते अर्थची साखळी तोडतात. शिट्टी जाते, पण डबी हलकी असेल तर डग्ग्याचा घुमाराही थोडा जातो.

हे दुखणे फार जुने नाही. गाडीतला रेडिओ रुळला तो 1930 पासून, पुढे मोटोरोला नावाने प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या गॅल्विन कंपनीने त्या वर्षी आपला रेडिओ विक्रीला आणला. फिलिप्सची कॅसेट 1963 ची. रेडिओ काय, कॅसेट काय, गाडीत बाहेरून काही जोडायचा प्रश्नच नव्हता. सांगली आकाशवाणी लागेपर्यंत सांगली, मग धारवाड, आणि घाटात खरखर सुरू झाली की कॅसेट. खिशातल्या यंत्रातली गाणी गाडीच्या स्पीकरवर ऐकायची इच्छा झाली तेव्हा आधी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर आला. त्याची वायर टेपच्या दारातून बाहेर लोंबायची. मग एफएम ट्रान्समीटर आला, तो आजही मोबाइलच्या दुकानात टांगलेला दिसतो. लायटरमध्ये खोचायचा, रिकामी फ्रिक्वेन्सी शोधायची आणि आपलेच छोटे रेडिओ केंद्र चालवायचे. पण एफएमवर 15 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, आणि बेळगावात रिकामी असलेली जागा कोल्हापूर जवळ येताच तिथल्या केंद्राने व्यापलेली असते.

गाणे आणि वीज एकाच वाटेने न्यायचा पहिला मोठा प्रयत्न आयपॉडभोवती, म्हणजे अॅपलच्या खिशात मावणाऱ्या गाण्याच्या यंत्राभोवती झाला. आयपॉड 2001 च्या ऑक्टोबरमध्ये आला. 2003 साली त्याला तीस पिनांचा चपटा जोड मिळाला आणि पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूने आपल्या गाड्यांसाठी आयपॉड जोडायची सोय विकायला काढली. त्या एका जोडात गाण्याची अॅनालॉग वाट होती, यूएसबी होती आणि फायरवायरच्या (यूएसबीसारख्याच दुसऱ्या एका जोडणीच्या) पिनांवरून 12 व्होल्टने चार्ज व्हायची सोयही होती. आमच्या भागात आयपॉड मोजक्याच हातांत दिसला, पण पुढे जे जे झाले त्याची बीजे त्या जोडात होती. त्यातल्या चुकांचीही. 2008 च्या आयफोन 3जीने फायरवायरवरून चार्ज होणे सोडले. ज्यांनी गाडीत 12 व्होल्टचे जोड बसवून घेतले होते त्यांच्या नव्या फोनवर गाणे वाजे, चार्जिंग मात्र होईना. 2012 च्या सप्टेंबरात अॅपलची लायटनिंग ही नवी, लहान पिन आली आणि तीस पिनांचा जोडच मोडीत निघाला. गाडी दहा-पंधरा वर्षे चालते, फोन तीन-चार वर्षांत बदलतो. या सगळ्या इतिहासातली कटकट या एका विजोड लग्नातून आलेली आहे.

आमच्याकडचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला आणि त्याला सीमेचाही हात लागला. मोबाइलच्या हिशेबात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग), तर कोल्हापूर आणि गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये. कोगनोळीचा नाका ओलांडला किंवा शिनोळी सोडून चंदगडकडे वळलो की फोनवर रोमिंगचा मेसेज यायचा. मामाच्या गावाला जाऊन यायचे म्हणजे रोमिंग. कणकुंबीच्या पुढे, जिथे मलप्रभा उगम पावते त्या रानात, नेटवर्कच तुटायचे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ येऊन डेटा स्वस्त होईपर्यंत आणि देशभर रोमिंगचा जाच संपेपर्यंत इथे गाडीत नेटवरून गाणे ऐकायचा विचार कुणी करत नव्हते. गाणी मेमरी कार्डात भरून घ्यायची. गावोगावच्या मोबाइल दुकानांत हाच धंदा होता. एका कार्डात मराठी, कन्नड, हिंदी सगळे एकत्र, आणि वडापच्या (सीट भरून चालणाऱ्या) जीपमध्ये ते कार्ड म्हणजे ड्रायव्हरची इस्टेट.

त्या काळातली एक गोष्ट लोक आता विसरलेत. तेव्हाचे बटणांचे मल्टिमीडिया फोन आणि सुरुवातीचे अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने टेपला जोडले की टेपला ते पेनड्राइव्हसारखे दिसायचे. टेप थेट कार्डातल्या फाइली वाचायचा, आकड्यांतून आवाज स्वतःच घडवायचा आणि त्याच वायरीतून फोनला वीज द्यायचा. ऑक्स नाही, वेगळा चार्जर नाही, शिट्टी नाही. वायरीतून सूर जातच नाही, आकडे जातात, आणि आकड्यांवर अल्टरनेटरच्या लाटांचा परिणाम होत नाही. ज्या प्रश्नासाठी इतरत्र महागडे जोड विकले जात होते, त्याचे उत्तर आमच्या जीपवाल्यांना न मागता मिळाले होते.

ते टिकले नाही. 2011 नंतरच्या अँड्रॉइड फोनांनी पेनड्राइव्हचे सोंग घेणे सोडले. त्यालाही कारण होते. फोन पेनड्राइव्ह झाला की कार्डाचा ताबा पूर्णपणे समोरच्या यंत्राकडे जाई आणि तेवढा वेळ फोनला स्वतःचे कार्ड दिसत नसे. त्याऐवजी आलेल्या एमटीपी पद्धतीत दोघांनाही एकाच वेळी फाइली पाहता येतात. कॉम्प्युटरला हे उमगले, गाडीतल्या बहुतेक टेपना नाही. म्हणून नवा, महाग फोन जोडला तर टेप काहीच ओळखेना आणि जुना साधा फोन जोडला तर गाणे सुरू, असा प्रकार झाला. लोक फोनवाल्या दुकानदाराशी भांडले. त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नव्हता.

इथे यूएसबीचा मूळ नियम लक्षात घ्यावा लागतो. 1996 च्या या व्यवस्थेत एक यजमान असतो आणि एक पाहुणा. वीज यजमानाने द्यायची, सूत्रेही त्याच्याच हाती. कॉम्प्युटर यजमान, प्रिंटर पाहुणा. फोनला बाहेरच्या साउंड कार्डवर गाणे वाजवायचे तर नियमाप्रमाणे फोनच यजमान होतो आणि चार्ज व्हायचे सोडून साउंड कार्डालाच आपल्या बॅटरीतून जेवू घालतो. गाडीत नेमके उलटे हवे होते: घर टेपचे, जेवण टेपचे आणि बैठकीत गाणार पाहुणा. आयपॉडने ते साधले होते, पण समोरच्या यंत्रात अॅपलच्या मंजुरीची चिप असली तरच. अँड्रॉइडने 2012 मध्ये 4.1 या आवृत्तीत हीच सोय दिली. समोरचे यंत्र यजमान राहून वीज पुरवणार आणि फोन त्याला डिजिटल आवाज देणार. कल्पना नेमकी होती. दुर्दैवाने फारच थोड्या टेप बनवणाऱ्यांनी ती घेतली आणि नंतर ती मागे पडली. मला याची आजही हळहळ वाटते. पडदा नसलेल्या साध्या टेपसाठी याहून चांगला उपाय पुन्हा आला नाही.

पुढचे उत्तर पडद्यासकटच आले. अॅपलचे कारप्ले 2014 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसले, गूगलचे अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जाहीर होऊन 2015 मध्ये आले. नकाशा, फोन, बोटाचा स्पर्श, गाणे आणि वीज, सगळे एका यूएसबी वायरीतून. आता विजेची अडचण वेगळीच निघाली. यूएसबी 2.0 चा साधा पॉइंट 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. 4000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्यावर रिकामीची भरायला सहा तासांहून जास्त लागतील, तेही फोन शांत पडून असला तर. नकाशा चालू असला की आलेली वीज तिथेच खर्च होते. वायर लावून बेळगावहून निघालेला फोन पणजीला पोचेतो निम्म्यावर आला, ही तक्रार मी कितीतरी जणांकडून ऐकली आहे. दीड अँपिअर देणारे पॉइंट आणि नंतर 5 व्होल्टला 3 अँपिअरपर्यंत देऊ शकणारी टाइप-सी आल्यावर हे कमी झाले.

ब्लूटूथने शिट्टीचा प्रश्न वेगळ्या बाजूने मिटवला. गाणे हवेतून, वीज वायरीतून, वर्तुळ जुळायचा प्रश्नच नाही. ब्लूटूथवरून स्टिरिओ गाणे पाठवायची पद्धत 2003 पासूनची. फक्त आधीच दाबून लहान केलेली फाइल वाटेत आणखी एकदा दाबली जाते. दार उघडताच फोन आपोआप जोडला जातो, यापुढे बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही, आणि रोज पंधरा मिनिटांच्या प्रवासाला ते योग्यच आहे. आयफोन 7 ने 2016 मध्ये हेडफोनचे भोक काढल्यावर बरेच जण नाइलाजानेही इकडे वळले, कारण चार्जर आणि ऑक्स दोघांना मिळून एकच जागा उरली होती.

2023 च्या सप्टेंबरात आयफोन 15 टाइप-सीवर आला. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनांना टाइप-सीची सक्ती झाली. त्यामुळे एका गाडीत बसलेल्या चौघांना आता एकच वायर पुरते, असे दुकानात सांगतात. ते अर्धेच खरे आहे. यूएसबी 2.0 च्या वायरीत चार तारा असतात: लाल आणि काळी विजेच्या, हिरवी आणि पांढरी आकड्यांच्या. स्वस्तातल्या कितीतरी वायरींत शेवटच्या दोन नसतातच. फोन चार्ज होतो, पडदा जागा होत नाही, आणि माणूस गाडी सर्व्हिसिंगला घेऊन जातो. आपल्याकडे सरसकट सगळ्यांनाच डेटा केबल म्हणायची सवय आहे, म्हणून बेळगावच्या खडेबाजारात वायर घेताना नुसते नाव सांगून भागत नाही. फोन दुकानातल्या कॉम्प्युटरला लावून फाइली दिसतात का ते पाहावे, आणि मगच पैसे द्यावेत.